थोरलीतली मधली जागा

चौकातल्या पोलिसानं शिट्टी फुंकली आणि पिकअप कडेला लागली. तो रुबाबात चालत आला, खिडकीतून आत डोकावला आणि तिथेच त्याचा रुबाब उतरला.

“गाडी कोण चालवतंय?”

“हे,” काकू म्हणाल्या.

“मग तुमचा पाय कुठे आहे?”

काकूंनी वाकून खाली पाहिलं, जणू पाय कुठे ठेवलाय ते त्यांनाही आत्ताच कळणार होतं. “क्लचवर.”

“म्हणजे तुम्ही चालवताय.”

“छे हो, मला कुठे येते गाडी!”

“अहो बाई, मग चालवतंय कोण?”

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका समोर बघत बसले होते. परक्या माणसाशी बोलायची वेळ आली की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं, आणि किल्ली कुणाकडे असायची ते देव जाणे. मग काकूंनीच खरं काय ते सांगून टाकलं. “दोघं.”

पोलिसानं टोपी काढून डोकं खाजवलं. दोघांसाठीचं कलम त्याला काही आठवेना. शेवटी तो म्हणाला, “हे बघा, पुढच्या वेळी मला एका गाडीत एकच ड्रायव्हर दिसला पाहिजे. नाहीतर गाडी जमा करीन. वयाकडे बघून सोडतोय.”

“कुणाच्या वयाकडे?” काकूंनी विचारलं. तेवढ्यात काका हळूच “हं” म्हणाले, काकूंचा पाय आपोआप खाली गेला, गिअर पडला आणि पिकअप निघाली.

आता तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच! तर ऐका. काका काचेचं काम करायचे. घरांच्या खिडक्या, दुकानांच्या मोठाल्या काचा, आरसे. कापायच्या, न्यायच्या, बसवायच्या. पिकअपच्या मागच्या हौद्यात लोखंडी घोडा होता, त्याला काचा टेकवून, गोणपाट लावून, पट्ट्यांनी आवळून न्यायच्या. ही पिकअप त्यांच्या मुलीच्याही आधी घरात आलेली, म्हणून पिकअपचं नाव पडलं थोरली आणि मुलीचं धाकटी. धाकटी लहानपणी रुसायची, की सुट्टीच्या दिवशी बाबा आधी थोरलीला आंघोळ घालतात आणि मग मला. पुढे तिनं त्याचा सूड असा उगवला, की शिकून सवरून गाड्यांची मेकॅनिकच झाली आणि गल्लीच्या टोकाला स्वतःचं गॅरेज टाकलं. थोरलीचं नाक आता तिच्या हातात होतं.

काचा पाठीशी घेऊन जिने चढून चढून काकांच्या डाव्या गुडघ्यानं एक दिवस संप पुकारला, आणि तोही कुठे, तर पुलाच्या चढावर. मागे एका दुकानाची अख्खी दर्शनी काच, तिच्यामागे हॉर्नचा गजर, आणि काकांचा पाय क्लचवर दाबता दाबेना. काकू मध्ये बसल्या होत्या, कारण खिडकीशेजारची जागा हत्यारांच्या पिशवीची. थोरलीची सीट जुन्या पद्धतीची, सलग बाकासारखी. गिअरचा दांडा जमिनीतून वर आलेला, काकूंच्या दोन गुडघ्यांच्या मधोमध. काका ओरडले, “अगं, ते पेडल दाब!” काकू ओरडल्या, “कुठलं?” “डावीकडचं!” काकूंनी उजवा पाय पलीकडे टाकला आणि दाबलं. थोरली पूल चढली, काचेला ओरखडासुद्धा आला नाही.

तेव्हापासून हे चालू झालं. ‘अगं ते पेडल दाब’चं ‘दाब’ झालं आणि ‘दाब’चं नुसतं ‘हं’. काका हं म्हणायचे, काकू दाबायच्या, काका गिअर टाकायचे, काकू पाय उचलायच्या, आणि तो इतका अलगद, की मागच्या काचेला पत्ताच लागायचा नाही. इतक्या वर्षांत वाटेत एक काच तडकली नाही. लोक हसायचे, सिग्नलला शेजारचे स्कूटरवाले माना वळवून वळवून बघायचे, आणि काकू वरवर वैतागायच्या. “लाज वाटते मला. या वयात चिकटून काय बसायचं!” असं शेजारणींना सांगताना त्यांचा चेहरा मात्र बक्षीस मिळाल्यासारखा असायचा.

त्यांनी स्वतःच का नाही गाडी शिकून घेतली? घेतली होती की. मोकळ्या मैदानावर काकांनी एकदा स्टिअरिंग हातात दिलं होतं. अख्ख्या मैदानात एकच झाड होतं, काकूंनी नेमकं तेवढंच गाठलं. स्टिअरिंगला त्यांनी तेव्हाच कायमचा रामराम ठोकला.

पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती काकूंनी कुणालाच सांगितली नव्हती. काका घरात म्हणजे मौनीबाबा. जेवताना “मीठ” म्हणाले तर ते भाषण झालं असं समजायचं. आणि हाच माणूस थोरलीत बसून किल्ली फिरवली, की बोलायला लागायचा. आज ज्या घरी खिडकी बसवली तिथली म्हातारी काचेतून रस्त्याकडे कशी बघत होती. लहानपणी त्यानं पहिली काच कशी फोडली आणि कुणावर ढकललं. काल कोणतं स्वप्न पडलं. पुलावर, सिग्नलला, गल्लीबोळातून तो बोलत राहायचा, मध्ये मध्ये “हं”, आणि पुन्हा गोष्ट पुढे. काकूंचा संसार खरा त्या मधल्या जागेवर चालला होता. घरात नुसती भांडी-कुंडी होती.

तक्रार होतीच, नाही असं नाही. जगाच्या काचा लख्ख करणाऱ्या या माणसाची स्वतःच्या गाडीची समोरची काच कायम मळलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पाणी उडवायची मोटर कधीच मेली होती. गाडी थांबली की काकू ओलं फडकं घेऊन बाहेर वाकायच्या आणि पुसायच्या, आणि बडबडायच्या, “काचवाल्याची काच! सांगायचीसुद्धा सोय नाही!” काका म्हणायचे, “तू आहेस ना.”

पोलिसाची गोष्ट संध्याकाळी धाकटीच्या कानावर गेली. ती हसून हसून खाली बसली, आणि मग एकदम डोळे पुसून उभी राहिली. “बस्स. आता मी ऐकणार नाही. थोरली ऑटोमॅटिक करायची. क्लचच काढून टाकते, म्हणजे कुणाचाच पाय नको. बाबांचा उजवा पाय ठणठणीत आहे, एका पायावर काम भागेल.”

“गुडघा यांचा दुखतो आणि ऑपरेशन थोरलीचं?” काकू म्हणाल्या. “आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!”

“म्हैस ऐकत नाही ना दवाखान्यात जायला,” धाकटी म्हणाली. म्हैस गुडघ्याला तेल लावत गप्प बसली होती.

मग धाकटी आईच्या गळ्यात पडली. “आणि आई, तुलाही सुटका. दिवसभर त्या गाडीत अंग आखडून बसायचं, उन्हातान्हात. आता घरी आरामात राहा. पाय पसरून बस.”

“हो तर,” काकू म्हणाल्या, “सुटले बाई एकदाची.” तोंडावर हसू आणलं, पण मनात हिशेब सुरू झाला. क्लच गेला म्हणजे आपलं काम गेलं, आणि काम गेलं म्हणजे जागा गेली. बिनकामाचं माणूस रोज गाडीत कशाला बसेल? आणि मला सोबत न्या, मला तुमच्याशी बोलायचं असतं, असं या वयात नवऱ्याला सांगायचं तरी कसं? जीभ रेटेना.

थोरली गॅरेजमध्ये दाखल झाली. धाकटीनं भंगारवाल्याकडून त्याच जातीची, पण ऑटोमॅटिक असलेली एक पिकअप उचलून आणली होती. मागून ठोकलेली, पण पोटातलं सगळं शाबूत. काकू पहिल्या दिवशी डबा घेऊन गेल्या, तर थोरली हवेत टांगलेली आणि तिच्या खालून धाकटीचे नुसते बूट दिसत होते. जुना गिअरबॉक्स खाली फरशीवर उतरला होता. क्लचची प्लेट बाजूला पडली होती, कडेला झिजून पातळ झालेली. काकूंनी ती उचलून हातात धरली. इतकी वर्षं आपण पायानं हिला दाबत होतो, आणि तोंड आज बघतोय, असं त्यांना वाटलं.

“आता इथे काय बसवणार?” त्यांनी विचारलं.

धाकटी सरपटत बाहेर आली. समजावून सांगायचं म्हटलं की तिला दहा हत्तींचं बळ यायचं. “हा बघ, भोपळ्याएवढा गोल डबा. आत तेल भरलेलं. इंजिन एका बाजूनं तेल घुसळतं, ते तेल दुसऱ्या बाजूची चक्री फिरवतं. मधे कुणी काही दाबायला नको. गिअर पेटीच बदलते, आपोआप. ही पेटी जरा लांब आहे, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून आखूड करायचा. तेल तापतं, म्हणून या दोन नळ्या रेडिएटरला. झालं!”

“आपोआप बदलते? कुणी हं म्हणायला नको?”

“कुणी काही म्हणायला नको.”

काकूंनी प्लेट खाली ठेवली. आणि मग त्यांना भिंतीशी ती दोन आसनं दिसली. भंगारातल्या गाडीतून काढलेली, सुटी सुटी, चांगली गुबगुबीत. त्यांच्या मधे बसवायचा एक काळा डबा, त्यातून गिअरचा ठेंगणा दांडा वर आलेला, आणि दांड्याच्या मागे दोन गोल खळगे.

“हे खळगे कशाला?”

“चहाचे पेले ठेवायला.”

वा रे वा! काकूंच्या मनात आलं. पेल्यांना जागा आहे, माणसाला नाही.

त्यानंतर घरात दिवस उगवायचा आणि मावळायचा. काका भाड्याच्या टेम्पोतून काचा नेत होते. टेम्पोवाला आणि त्याच्या शेजारी काका, तिसऱ्याला तिथे वाव नव्हता. संध्याकाळी येऊन ते जेवायचे, “मीठ” म्हणायचे आणि झोपायचे. काकूंनी पाय पसरून बसून पाहिलं. चार दिवसांत त्यांना कंटाळा आला. मग त्यांनी एक युक्ती केली. इंजिनाची घरघर सुरू झाली की यांचं तोंड उघडतं ना? मग घरघरच पाहिजे. एका संध्याकाळी काका जेवायला बसले आणि काकूंनी मिक्सर लावला. चांगला मोठ्यानं. मग खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या अंगाला बसल्या आणि वाट बघू लागल्या.

काकांनी बराच वेळ मिक्सरकडे पाहिलं. “काय वाटतेस?”

“काही नाही.”

“मग रिकामा का फिरवतेस? जळेल.”

काकूंनी मिक्सर बंद केला. हसावं की रडावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी भांडी घासायला घेतली.

तिकडे गॅरेजमध्ये काम लांबत चाललं होतं. धाकटी आठवड्यात देते म्हणाली होती, तो आठवडा कधीच उलटून गेला. काकू डबा घेऊन गेल्या की बापलेकीचं काहीतरी हमरीतुमरीवर आलेलं असायचं. म्हणजे धाकटी बोलायची आणि काका मान हलवायचे, पण ती मान ‘नाही’ची असायची. काकू दिसल्या की दोघं गप्प.

“काय चाललंय?” काकूंनी एकदा विचारलं.

“बाबांना विचार,” धाकटी तणतणली. “सोपं काम अवघड करून मागतात. खाण तशी माती म्हणतात, पण देवा, मला यांच्यासारखी करू नकोस!”

काकांना विचारून काय उपयोग? ते मडक्यासारखे गप्प. काकूंना वाटलं, गाडीतली आपली जागा गेली तशी आता गॅरेजमधलीही गेली. आपल्यापासून लपवायचं असं काय आहे एवढं? रात्री त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की थोरली आली की आपण दारातूनच टाटा करायचा. मागून मागून बसायचं नाही. आपलाही काही मान आहे की नाही!

आणि मग थोरली तयार झाली. सकाळी धाकटीनं फोन केला, “आई, बाबांना घेऊन ये. आणि तोंड गोड करायला काहीतरी आण, मी मेले काम करून.”

थोरली गॅरेजसमोर उभी होती, धुतलेली, पुसलेली. फक्त समोरची काच तेवढी मळकी. धाकटीपण शेवटी बापाचीच लेक. काकू मुद्दाम चार हात दूर थांबल्या. काकांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, आत चढले आणि मग वळून म्हणाले, “येतेस ना?”

काकूंनी आत पाहिलं. गुबगुबीत आसनं नव्हती. काळा डबा नव्हता. पेल्यांचे खळगे नव्हते. तीच जुनी सलग सीट, मधे त्यांच्या बसण्यानं पडलेला तोच खड्डा. आणि गिअरचा दांडा? तो कुठेच नव्हता! जमिनीतल्या भोकावर नवा पत्रा ठोकून साफ बंद केला होता.

“अगं बाई, दांडा बसवायला विसरलीस की काय?” काकू किंचाळल्या.

“विसरतेय कसली!” धाकटी खिडकीच्या बाजूनं चढत म्हणाली. तिच्या हातात चहाचा पेला होता. “तो बघ, स्टिअरिंगला. बस आता मध्ये, मला पडताळून बघायचंय.”

खरंच, स्टिअरिंगच्या खाली डाव्या बाजूला एक बारीक लिव्हर होती, वर पांढरा गोळा. काकू मधे बसल्या. आज शेवटचं म्हणून नीट सावरून बसल्या. काकांनी लिव्हर खाली ओढली, ब्रेकवरचा पाय उचलला, आणि थोरली न खाकरता, न धक्का देता चालू लागली. काय चालली म्हणून सांगू! पाण्यावर होडी सोडावी तशी. धाकटी जागच्या जागी उड्या मारू लागली. “बघितलंत? बघितलंत?”

गल्ली संपली, रस्ता लागला. काकांनी जरा वेग दिला. इंजिनाचा आवाज चढला. तो आवाज इतक्या वर्षांच्या ओळखीचा. काकांचा डावा हात आपोआप खाली गेला, दांडा शोधायला, आणि तोंडातून निघालं, “हं.”

काकूंचा पाय तयारच होता. त्यांनी दाबलं.

आता क्लच तर गेला होता. त्याच्या जागेपर्यंत पसरलेलं, चांगलं रुंद, नवंकोरं ब्रेकचं पेडल मात्र होतं. थोरली जागच्या जागी गच्च उभी राहिली. तिघंही पुढे फेकले गेले, काकांचा हात हॉर्नवर पडून पोंऽऽ वाजला आणि धाकटीचा चहा पेल्यातून उठला तो सरळ समोरच्या काचेवर.

“आऽऽई!”

“अगं, ते हं म्हणाले!”

“म्हणू दे ना! हं म्हणाले म्हणून काय ब्रेक दाबायचा? मागे काच असती म्हणजे?” धाकटीच्या बाह्यांवरून चहा ओघळत होता. “जित्याची खोड! आजपासून तू मध्ये बसायचं नाहीस. खिडकीशी बस. नाहीतर घरी बस!”

काकूंनी फडकं काढलं आणि त्या काच पुसायला लागल्या. पुसता पुसता काच आणखीच धूसर दिसायला लागली, कारण डोळे भरून आले होते. काच असती मागे, तर? आपल्या पायानं फुटली असती. पोरगी काही खोटं बोलत नव्हती.

धाकटीचा पारा मात्र उतरेना. “मी बाबांना शंभरदा सांगितलं. दोन सीटा टाकते, मधे दांडा, दोन दिवसांचं काम. पण नाही! ‘लिव्हर स्टिअरिंगला लाव.’ या गाडीला तसली लिव्हर येतच नाही! भंगारात दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची शोधली, तिला सळया जोडल्या. लिव्हर दाखवायची पुढे आणि गाडी जायची मागे. चारदा खोललं, चारदा जोडलं. कशासाठी? तर म्हणे, ‘मधली जागा मोकळी पाहिजे!’”

काकूंचा फडक्याचा हात थांबला. “कोण म्हणालं?”

“हे काय, बसलेत ना!”

काकूंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. काका स्टिअरिंगकडे बघत होते, कानापर्यंत लाल होऊन. ब्रेकच्या गडबडीत त्यांनीच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं होतं, आणि गाडीत चिडीचूप झालं होतं. अशा शांततेत हा माणूस जन्मात बोलणार नाही, हे काकूंना पक्कं ठाऊक. त्यांनी हात लांब केला आणि किल्ली फिरवली.

काही झालं नाही. पुन्हा फिरवली. तरीही नाही.

“लिव्हर आधी वर घ्यायची,” धाकटी म्हणाली. “गाडी चालायच्या खुणेवर असली की इंजिन सुरू होत नाही, तशी सोयच असते. पण तू कशाला...”

“तू गप्प बस. अहो, घ्या वर.”

काकांनी लिव्हर वर सरकवली. काकूंनी किल्ली फिरवली. थोरली घुरघुरायला लागली. काकू हाताची घडी घालून वाट बघत बसल्या.

“बोला आता.”

काका खाकरले. “दोन सीटा टाकल्या असत्या, तर तू तिकडे गेली असतीस,” ते म्हणाले. “लांब.”

“मग? तसंही माझं काय काम उरलं होतं? मला वाटलं, घरीच बसवताय.”

“घरी कशाला? मग मी बोलणार कुणाशी?”

“घरात नाही बोलत ते? इंजिन लागल्याशिवाय तोंड उघडत नाही तुमचं. मिक्सरसुद्धा लावून पाहिला मी!”

“तो त्यासाठी होता होय?” काका पहिल्यांदाच काकूंकडे वळले आणि हसायला लागले. खांदे हलवत, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हसू ओसरलं. “अगं वेडे, इंजिनाचा काय संबंध? टेम्पोलाही इंजिन होतंच की. रोज जात होतो. एक शब्द फुटला नाही.” त्यांनी सीटवर थाप मारली. “घरात तू सारखी उठतेस-बसतेस, हे काढ, ते ठेव. इथे तू अशी लागून बसलेली असतेस. हललीस तर मला कळतं. मग सुचतं बोलायला.”

काकूंनी ते चहाचं फडकं तसंच डोळ्यांना लावलं. धाकटी खिडकीबाहेर बघू लागली. तिचाही राग आता कुठे शोधून सापडेना.

“बरं, बरं,” ती म्हणाली. “जागा ठेवली. पण आईच्या पायाचं काय करायचं? बाबा हं म्हणणं सोडणार नाहीत, ही दाबणं सोडणार नाही.”

“पाय बांधून ठेवते हवं तर,” काकू फडक्यातून म्हणाल्या. आता त्या काहीही कबूल करायला तयार होत्या.

काका म्हणाले, “बांधायचा कशाला? त्याला काहीतरी दे दाबायला.”

धाकटीनं चहा ओघळलेल्या काचेकडे पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. “गाडी वळवा,” ती म्हणाली.

भंगाराच्या ढिगातून थोरलीचं जुनं क्लचचं पेडल परत आलं. ब्रेकचं रुंद पेडल अर्ध्यावर कापलं, कडा घासल्या, आणि जुनं पेडल आपल्या जुन्या जागी बसलं. त्याच्यामागे आता क्लच नव्हता. पूर्वी काही गाड्यांना पायानं दाबायचा रबरी फुगा असे, काचेवर पाणी उडवायला; तसला एक धाकटीनं धुंडाळून काढला, पेडलच्या मागे बसवला, आणि त्याची नळी बॉनेटखालच्या पाण्याच्या डब्यापासून काचेपर्यंत नेली. काम संपेपर्यंत ती सारखी शिट्टी वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी एका नाचाच्या शाळेचा आरसा न्यायचा होता, भिंतभर मोठा. थोरलीच्या घोड्याला आरसा टेकला आणि अख्खी गल्ली त्यात आली. रस्त्यानं जो तो आपलं तोंड बघून घेत होता. सिग्नलला स्कूटरवाले केस सारखे करत होते, हिरवा झाला तरी हलेनात. काका नाचाच्या शाळेच्या बाईंबद्दल सांगत होते, की त्या चालतात तेव्हाही मोजून पाऊल टाकतात. बोलता बोलता इंजिनाचा आवाज चढला आणि ते म्हणाले, “हं.”

काकूंनी दाबलं. काचेवर पाण्याच्या दोन चिळकांड्या उडाल्या, काकांनी वायपर लावला आणि रस्ता लख्ख दिसला. थोरली आपली आपण वरच्या गिअरमध्ये गेली होती. मागच्या आरशाला पत्ताही लागला नाही.

“अगं बाई, समोर झाडं आहेत इथे?” काकू म्हणाल्या, आणि दोघंही इतके हसले, की चौक कधी आला ते कळलंच नाही.

शिट्टी वाजली. तोच पोलीस. आधी तो मागे आरशापाशी थांबला, टोपी सरळ केली, मिशीवरून हात फिरवला, आणि मगच पुढे आला. आत डोकावून त्यानं बारकाईनं दोघांचे पाय मोजले.

“पुन्हा? बाई, पाय काढा क्लचवरून!”

“क्लच नाहीच आता,” काकू म्हणाल्या. “गाडी ऑटोमॅटिक केली. विचारा यांना. एका गाडीत एकच ड्रायव्हर.”

“मग खिडकीची जागा त्या पिशवीला देऊन तुम्ही मध्ये का बसलाय?”

काकूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी काका बोलले. परक्या माणसाशी, भर चौकात, मोठ्यानं.

“साहेब, ही शेजारी नसली तर मला समोरचं काही दिसत नाही.”

पोलीस एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. मागून हॉर्न वाजायला लागले. शेवटी त्यानं हात केला आणि म्हणाला, “जा. जा एकदाचे.”

काकांनी लिव्हर ओढली. “हं,” ते म्हणाले, काही गरज नव्हती तरी. काकूंनी दाबलं, जरा जोरातच. पाणी काच ओलांडून टपावरून मागे गेलं आणि पोलिसाच्या मिशीवर चार थेंब पडले. लांब जाणाऱ्या आरशात बघत तो ते पुसत होता, तोवर थोरली चौक ओलांडून गेली होती आणि काका नाचाच्या शाळेची राहिलेली गोष्ट सांगत होते.